सकाळचा समुद्र

"समुद्र बघावा तर सकाळीच," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. "सकाळी पाणी शांत, वाळू स्वच्छ, माणसं कमी. दुपारनंतर समुद्र नुसता अंगावर खेकसतो."

यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारणही ते नव्हतं.

गाड्या भाड्याने देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात तो ड्रायव्हर होता. एका कुटुंबापुरती एक गाडी आणि तिला एक ड्रायव्हर, दिवसभरासाठी. सकाळी निघायचं, आधी टेकडीवरचा किल्ला, मग जुन्या राजधानीचे पडके महाल, शेवटी समुद्र. सूर्य पाण्यात बुडाला, पोरांनी पाय ओले करून घेतले, फोटो झाले की परत. सगळे ड्रायव्हर असंच करायचे. तोही वर्षानुवर्षं असंच करत आला होता. अलीकडे मात्र तो ट्रीप उलटी फिरवू लागला होता. आधी समुद्र, शेवटी किल्ला, आणि ऊन आहे तोवर गाडी परत ऑफिसच्या आवारात. बाकीच्यांनी त्याचं नाव कोंबडा ठेवलं होतं. "उजाडलं की आरवतो, मावळलं की खुराड्यात," म्हणायचे. तोही हसायचा. हसण्यावारी गेलं तर बरंच, असं त्याला वाटायचं.

कारण संध्याकाळ झाली की त्याला दिसेनासं व्हायचं. एकदम काळोख नव्हे. कुणीतरी चहाच्या गाळणीतून जग दाखवावं तसं. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसायचे, गाडी दिसायची नाही. रस्त्याचा मधला पट्टा दिसायचा, कडा विरघळून जायच्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बरीच यंत्रं लावून बघितली आणि शेवटी खुर्ची मागे सरकवली. "हे चष्म्याने जायचं नाही. दिवसा चालवा, अजून काही वर्षं काही होत नाही. पण अंधार पडला की किल्लीला हात लावायचा नाही. आणि मालकांना सांगून टाका."

"हो सांगतो," तो म्हणाला होता. मालकांना मात्र तो काहीच बोलला नव्हता.

मालक वाईट नव्हते. पण अर्ध्या दिवसाचा ड्रायव्हर कोण पोसतो? मागे एकाची कंबर गेली, तेव्हा मालकांनी त्याला गाड्या धुवायला ठेवलं. काही दिवस त्याने धुतल्या. मग त्या धुवायलाही दुसरा आला. त्या माणसाचा चेहरा याला अजून आठवायचा.

घरी बायकोला सगळं माहीत होतं. सांगावं लागलंच नव्हतं. संध्याकाळी पाण्याचा पेला शोधताना त्याचा हात डब्यांवर आपटायला लागला, तेव्हाच ती समजली. काही न बोलता ती दिवे लवकर लावायला लागली. ती घरात शिलाईचं काम करायची, बोलायची कमी. पण बोलली की सुई टोचावी तसं.

त्या दिवशी पहाटे डबा भरताना ती म्हणाली, "आज सांगा मालकांना."

"सीझन संपू दे."

"गेल्या सीझनलाही हेच म्हणालात." तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "देवाने दिलेले डोळे तो परत घेतोय, पण एकदम नाही, हळूहळू घेतोय. म्हणजे सावध करतोय माणसाला. तुम्ही ऐकायलाच तयार नाही. मी रोज तुमच्यासाठी हात जोडते. आता मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठीही जोडते. त्यांची तर मला नावंसुद्धा ठाऊक नसतात."

त्याने डबा उचलला.

*

त्या दिवशीची गिऱ्हाइकं म्हणजे दोघीच, मायलेकी. लेक पन्नाशीला टेकलेली, दवाखान्यात रक्त तपासण्याच्या कामाला. डोळ्यांखाली काळं, केस घाईघाईने बांधलेले. आई काठी टेकत, एक उशी बगलेत मारून आली. अंगाने चिमणीएवढी, पण आवाज असा की ऑफिसच्या आवारातली माणसं बाजूला झाली.

"या आजी, सावकाश," त्याने दार उघडून धरलं.

"आजी कुणाला म्हणता? तुमचे माझे केस सारखेच पांढरे आहेत."

"बरं, मावशी."

"हां. मावशी चालेल. मावशीला जरा तरी मान असतो."

लेक मागे बसली, बसल्या बसल्या तिने चपला काढल्या आणि डोकं मागे टेकलं. "काका, एक सांगते, राग मानू नका. रोज मी गाडी चालवते. आईचा व्यायाम, आईचा डॉक्टर, मग माझी ड्यूटी, मग बाजार. आज मला काही करायचं नाही. रस्ता विचारू नका, कुठे थांबू विचारू नका. एक दिवस मला कुणीतरी नुसतं नेऊन आणावं, एवढ्यासाठी प्रायव्हेट गाडी केलीय."

"तुम्ही निवांत झोपा, ताई." त्याने घसा साफ केला. "आपण आधी समुद्रावर जाऊ. सकाळी पाणी शांत असतं."

"आणि सूर्य?" मावशींनी विचारलं.

"सूर्य असतोच की."

"बुडताना असतो का, सकाळी?"

त्याने गाडी सुरू केली.

"हे बघा," मावशी उशी पाठीशी नीट लावत म्हणाल्या, "आमच्या खिडकीतून सूर्य रोज समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जातो. लग्न होऊन आले तेव्हापासून तेच बघतेय. टाकीमागे जातो आणि तिथे पुढे काय करतो, देव जाणे. मला एकदा त्याला पार खाली टेकलेला बघायचाय. ऑफिसातल्या मुलीला मी फोनवर तीनतीनदा सांगितलं. ती म्हणाली, काळजी करू नका मावशी, सूर्य दाखवल्याशिवाय आमची गाडी परत यायची नाही."

"आई, सूर्य काय त्यांच्या ऑफिसचा आहे?"

"असू दे. शब्द दिलाय."

गाडी किल्ल्याच्या रस्त्याला लागली. त्याने मनात हिशेब मांडला. सूर्य बुडताक्षणी निघायचं. त्यानंतरही थोडा वेळ उजेड रेंगाळतो. तेवढ्यात घाटाचा रस्ता मागे टाकला, की पुढे शहराचे दिवे लागतात आणि दिव्याखाली त्याला बऱ्यापैकी दिसतं. जमेल. जमवायचंच. फक्त कुठे खोळंबा व्हायला नको.

आणि दिवसभर नुसता खोळंबाच होत राहिला.

किल्ल्याच्या पायऱ्या मावशींनी पहिल्या दरवाजापर्यंतच चढल्या आणि तिथल्या तोफेच्या ओट्यावर बसकण मारली. "वर काय आहे?"

"वर अजून असाच एक दरवाजा आहे, मग मोकळं मैदान."

"मग इथलाच बघते. राजालाही इतक्या पायऱ्या चढून वर गेल्यावर घरी जावंसं वाटत नसेल."

लेक एकटी वर गेली आणि घाम पुसत लगेच उतरली. महालांत तर ती एका दगडी बाकावर पर्स उशाला घेऊन झोपलीच. पडक्या कमानीतून ऊन सरकत सरकत तिच्या पायांवरून पोटावर आलं, तरी हलेना. लोक वळून बघत होते. तिचं तोंड थोडं उघडं होतं, हात लहान मुलासारखे दुमडलेले. तिला उठवायला तो दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे फिरला. इतकं दमलेलं माणूस झोपेतून कसं उठवायचं?

मावशी सावलीत केळं सोलत बसल्या होत्या. तो त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. घसा साफ केला. "मावशी, आभाळ भरून येतंय असं वाटतं. आज सूर्य दिसायचा नाही बहुतेक. त्यापेक्षा इथूनच लवकर परत..."

मावशींनी वर बघितलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं, ढगाची चिंधीही नव्हती. त्यांनी केळ्याचा एक घास खाल्ला.

"मी टेलिफोनच्या एक्स्चेंजात होते," त्या म्हणाल्या. "कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांचे आवाज. समोर माणूस नाही, नुसता आवाज. एक गोष्ट तिथे पक्की कळली. खोटं बोलणारा आधी घसा साफ करतो. 'मी ऑफिसातूनच बोलतोय' म्हणायच्या आधी, 'पैसे पाठवलेत' म्हणायच्या आधी. सकाळपासून तुम्ही बऱ्याचदा केलात."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"घरी कुणी आजारी आहे का? लवकर जायचंय का? तसं असेल तर सरळ सांगा. सूर्य उद्याही बुडणार आहे."

सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मावशींचे डोळे त्याच्यावर होते, आणि त्यांत राग नव्हता. पण त्याच्या डोळ्यांपुढे गाड्या धुणारा तो माणूस उभा राहिला. "नाही मावशी, तसं काही नाही," तो म्हणाला, आणि पाणी आणायच्या निमित्ताने गाडीकडे निघून गेला.

*

समुद्रावर पोचले तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. लेकीने झोपेतून उठलेल्या जड चेहऱ्याने आईला वाळूत एका उलट्या ठेवलेल्या होडीशी बसवलं. तो गाडीपाशीच उभा राहिला. देवाकडे त्याने आयुष्यात पुष्कळ काही मागितलं होतं. ढग पहिल्यांदाच मागितला. एखादा तरी, जाड, काळा. मावशी म्हणतील, जाऊ द्या, दिसत नाही, निघू या.

ढग आला नाही. सूर्य लाल होत, पसरट होत खाली गेला. पाण्याला टेकला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि मग कुणीतरी खालून अलगद ओढून घ्यावा तसा गेला. वाऱ्यावर मावशींचा आवाज त्याच्यापर्यंत आला.

"गेला ग. टाकीशिवाय गेला."

"चल आता," लेक म्हणाली.

"थांब जरा. इतक्या वर्षांनी आलेय, पाहुण्याला पोचवल्याबरोबर दार लावून घ्यायचं का?"

आणि त्या बसून राहिल्या. लेकही त्यांच्या शेजारी वाळूत बसली, डोकं होडीला टेकून. हाक मारावी तर कुठल्या तोंडाने मारणार? पाणी आधी तांबडं होतं, मग जांभळं झालं, मग राखेसारखं. होडीची कड दिसत होती ती दिसेनाशी झाली. मग मावशींची काठी. मग मावशी.

गेल्या हिवाळ्यात अशीच वेळ होती. गाडी रिकामी होती, तो एकटाच परत येत होता. घाट उतरताना चाकाखाली धप्पकन काहीतरी आलं. मऊ. तो खाली उतरला. दिसेना, म्हणून रस्त्यावर गुडघे टेकून हातांनी चाचपत गेला. त्या वेळात त्याने देवाचं नाव किती घेतलं, ते त्याचं त्यालाच माहीत. हाताला आलं ते गवत होतं. कुठल्या तरी गाडीतून पडलेला गवताचा भारा. तो तिथेच, रस्त्याच्या मधोमध बसून रडला होता. घरी आल्यावर बायकोला सांगितलं नाही, पण पँटचे गुडघे तिनेच धुतले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याचा समुद्र सकाळचा झाला.

दोघी आल्या तेव्हा त्याला आधी काठीचा आवाज ऐकू आला. तो घाईने दार उघडायला गेला. किल्ली दाराला लागत होती, भोकात जाईना. पत्र्यावर करकरत इकडून तिकडे फिरत होती.

"काका, काय झालं?" लेकीने विचारलं.

त्याच्या घशात नेहमीचा तो खाकरा आला. त्याने तो गिळला.

"ताई, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"अंधार पडला की नीट दिसत नाही. डॉक्टरांनी चालवू नका म्हणून सांगितलंय. ऑफिसात कुणाला माहीत नाही." एकदा सुरू झाल्यावर शब्द आपोआपच येत होते. "मी ऑफिसात फोन करतो, दुसरा ड्रायव्हर बोलावतो. त्याला यायला वेळ लागेल, पण मी काही गाडी चालवणार नाही."

लेकीचा आवाज चढला. "म्हणजे सकाळपासून तुम्हाला माहीत होतं? माझ्या आईला घेऊन तुम्ही त्या घाटातून, अंधारात...? अहो, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"वाटलं म्हणजे काय? वाटून काय उपयोग?"

वारा गार झाला होता. मावशींनी शालीसारखी उशी छातीशी धरली होती. "मला इथे दुसऱ्या ड्रायव्हरची वाट बघत बसवायचं असेल तर आधी मोरी दाखवा," त्या म्हणाल्या. "माझं वय काय, ही हवा काय."

लेक गाडीला टेकली. तिने दोन्ही तळहातांनी चेहरा चोळला, वर-खाली, बराच वेळ. ती रडत होती की नुसती दमली होती, ते त्याला दिसलं नाही. "एक दिवस," ती पुटपुटली. "एकच दिवस मागितला होता मी." मग तिने हात पुढे केला. "द्या किल्ली."

*

आपल्याच गाडीत तो पहिल्यांदा मागे बसला. मावशींच्या शेजारी, मध्ये ती उशी. सीट इतकी खोल आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. सुरुवातीला तो पुढे वाकून सांगत राहिला, "आता पूल येईल, ताई... आता वळण, उजवीकडे दरी आहे, दुसऱ्या गिअरवर घ्या..." रस्ता त्याला पाठ होता. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

"अहो, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये," मावशी म्हणाल्या. "माझ्या पायावर देताय."

पुढून लेक एकदम हसली. मनापासून नाही, पण हसली. "आई पण असंच करते, माझ्या गाडीत बसली की."

"खोटं नको बोलूस," मावशी म्हणाल्या. "कोण ब्रेक मारतं ते मला माहितीये."

घाट उतरून दिवे लागायला लागले. त्याच्या डोळ्यांसमोरून ते पिवळे ठिपके सरकत होते, एकामागे एक, आणि प्रत्येक ठिपक्यामागे काय आहे याची काळजी आज दुसऱ्या कुणाला तरी होती. त्याचे खांदे सैल झाले. किती महिन्यांपासून ते वर चढून बसले होते कोण जाणे. मावशींनी न विचारता उशी त्याच्या बाजूला सरकवली, आणि जिथे त्याने आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून गाडी चालवली, त्याच रस्त्यावर तो झोपला.

गाडी थांबली तेव्हा तो दचकून जागा झाला. ऑफिसच्या आधीची गल्ली होती. लेक मागे वळून बघत होती. तिचा चेहरा दिव्याखाली थोडा मऊ झाल्यासारखा वाटला, की तो नुसता थकवा होता?

"इथून तुम्ही घ्या," ती म्हणाली. "गल्लीत दिवे आहेत. आत तुम्हीच न्या. कुणाला काही कळायचं नाही."

त्याने दाराच्या कडीवर हात ठेवला. चारदोन दुकानांएवढं अंतर, तेही उजेडाचं. तेवढं तो डोळे मिटूनही गेला असता. आवारात नेहमीची मंडळी चहा पीत उभी असणार. उद्या पुन्हा सकाळचा समुद्र. परवाही. मावशी त्याने घसा साफ करण्याची वाट बघत असाव्यात.

"नको ताई," तो म्हणाला. "तुम्हीच आत घ्या. फाटकाच्या डावीकडे खांब आहे, जरा जपून. मला पण दोनदा लागलाय."

गाडी आत शिरली. चहाच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "अरे बघा बघा, कोंबडा आज साहेब झाला! मागे बसून आलाय!" हशा पिकला. मग ड्रायव्हरच्या जागेवरून ती बाई उतरली, दमलेली, पायात चपला शोधत, आणि हशा विरत गेला. ऑफिसच्या दारात मालक येऊन उभे राहिले.

लेकीने किल्ली त्याच्या हातात दिली. मालकांना ती काही म्हणाली नाही. मावशींना काठीसकट रिक्षापर्यंत पोचवायला तो त्यांच्या मागे दोन पावलं गेला. रिक्षात बसताना मावशींनी त्याचा हात धरला. "सूर्य चांगला होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नीट बघता आला नाही. त्याचं वाईट वाटतं."

तो परत आला आणि मालकांच्या हातावर त्याने किल्ली ठेवली. काय झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टर, गवताचा भारा, ट्रीप उलटी फिरवण्याचं कारण. घोळका लांबून ऐकत होता. मालकांनी किल्ली हातात उलटसुलट फिरवली.

"एवढे दिवस..." ते म्हणाले. "उद्या ये. बघू काय ते."

'बघू'चा अर्थ त्याला ठाऊक होता. कदाचित सकाळच्या छोट्या फेऱ्या. कदाचित बादली आणि फडका. कदाचित काहीच नाही. त्याची भीती वाटायला हवी होती, पण आज अंगात तेवढाही जोर उरला नव्हता.

फाटकाबाहेर येऊन तो भिंतीला हात लावून उभा राहिला. घरचा रस्ता समोर होता, मध्ये अंधाराचे मोठे मोठे तुकडे. रोज तो अंदाजाने चालत जायचा, कुणाला धडकला तर मोबाईल बघत होतो म्हणायचा. आज त्याने मोबाईल कानाला लावला.

"न्यायला येतेस का? ऑफिसच्या फाटकाशी आहे."

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. 'का' म्हणून तिने विचारलं नाही.

"आले," ती म्हणाली. "तिथेच थांबा. हलू नका."